स्ट्रिंगचा तास

संगणकाला विचारलं तर आमच्या गावाच्या नावाची लांबी तीन आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'लेन' नावाचं फंक्शन वापरायचं, कंसात अवतरणचिन्हं देऊन मूल असं लिहायचं आणि एंटर दाबायचं. उत्तर येतं ३. वर्गातल्या पोरांनी तोवर वहीत २ लिहून ठेवलेलं असतं. मग कुणीतरी विचारतंच, "सर, दोनच तं अक्षरं आहेत जी. तीन काहून?"

या 'काहून'साठीच मी स्ट्रिंगचा सराव मराठी शब्दांवर घेतो. तो कसा घेतो आणि त्यातून मुलांच्या हाती काय लागतं, ते इथे लिहितो आहे.

मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. एका अंगाला ताडोबा-अंधारीचं जंगल, दुसऱ्या अंगाला सावली गाव ओलांडलं की वैनगंगा आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर आमचं स्टेशन आहे, त्याचं नाव मूल मारोडा. मुलूख धानाचा, त्यामुळे राइस मिल बऱ्याच. मी इथे नववी-दहावीला संगणक आणि अकरावी-बारावीला आयटी शिकवतो. अर्धी मुलं आसपासच्या खेड्यांतून येतात, सायकलने किंवा एसटीने. संध्याकाळचा जादा तास लांबवता येत नाही. रस्ता जंगलातून जातो, वाघ-बिबट्यांचा वावर आहे, आणि अंधार पडायच्या आत पोरगी घरी पोचली पाहिजे हे तिच्या बापाला सांगावं लागत नाही आणि मलाही. संगणक कमी, मुलं जास्त. उन्हाळ्यात वीज गेली की कक्षात बसवत नाही. या सगळ्यामुळे आमचा बराचसा सराव कागदावर होतो. प्रोग्राम घरी वहीत लिहायचा, त्याचं उत्तर काय येईल तेही लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी संगणकावर फक्त पडताळून पाहायचं. नाइलाजाने लागलेली ही सवय मला आता इतकी मोलाची वाटते की उद्या प्रत्येकाला संगणक मिळाला तरी मी ती सोडणार नाही. उत्तर आधी लिहून ठेवलेल्या मुलालाच संगणकाचं उत्तर चुकीचं वाटू शकतं. ज्याने काही लिहिलंच नाही त्याला पडद्यावर येईल ते बरोबरच वाटतं.

प्रोग्रामिंगची सुरुवात बहुतेक ठिकाणी आकड्यांनी होते. दोन संख्यांची बेरीज, सम-विषम, पाढा, मूळ संख्या. गणितात मागे असलेलं मूल इथेही पहिल्याच आठवड्यात मागे बसतं. मजकुरावरच्या प्रोग्रामला ही अडचण नाही. स्ट्रिंग म्हणजे एकामागे एक ठेवलेली चिन्हं. ती मोजायची, त्यातला तुकडा कापायचा, एक चिन्ह काढून दुसरं घालायचं, दोन शब्द सारखे आहेत का ते बघायचं. लूप, अट, यादी हे सगळं यात शिकून होतं. आणि मजकुराबद्दल प्रत्येक मुलाला काहीतरी आधीच ठाऊक असतं, कारण ते बोलतं, वाचतं, लिहितं. माझ्या मते शाळेत स्ट्रिंग आकड्यांच्या आधी यायला हवी.

पुस्तकांतले नमुने मात्र इंग्रजी असतात. हेलो, वर्ल्ड, उलटं केलं तरी तसंच राहणारं मॅडम, इंग्रजीतले पाच स्वर मोजणं. हे प्रोग्राम मुलं पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. त्यात त्यांना विचारावंसं काही सापडत नाही, कारण इंग्रजी अक्षरांत दिसतं तेच संगणकात साठवलेलं असतं. देवनागरीत तसं नाही, आणि शिकवण्यासारखं नेमकं तिथेच आहे.

सुरुवात मी काना-मात्रा नसलेल्या शब्दांनी करतो. वन, घर, नगर, गवत. लांबी मोजा, पहिलं अक्षर काढा, शेवटचं काढा, उलटं करा. सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे नगर या शब्दात न हा शून्यावर आणि र हा दोनवर, ही एकच गोष्ट नवी. हाताला सवय झाली की फळ्यावर मूल लिहितो.

तीन का, याचं उत्तर मी सांगत नाही. लूप लावून एकेक चिन्ह वेगळ्या ओळीवर छापायला सांगतो. पहिल्या ओळीवर म येतो, तिसऱ्या ओळीवर ल. मधल्या ओळीवर ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्याखाली दुसरा उकार. त्या वर्तुळाकडे मुलं वाकून वाकून बघतात. ते वर्तुळ शब्दात नाहीच. उकाराला बसायला अक्षर मिळालं नाही म्हणून संगणकाने तात्पुरती मांडलेली ती रिकामी जागा आहे. इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार या प्रत्येकाला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतःचा क्रमांक आहे. पाय मोडण्याच्या खुणेलासुद्धा. चंद्रपूर डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, संगणकात ते आठ चिन्हांचं: च, अनुस्वार, द, पाय मोडल्याची खूण, र, प, दुसरा उकार, र. महाराष्ट्र दिसायला चार, मोजायला दहा.

मराठीच्या तासाला मुलं जोडाक्षरांची फोड शिकलेली असतात. द्र म्हणजे द् अधिक र् अधिक अ. संगणकाची फोड याहून वेगळी आहे. व्याकरण प्रत्येक व्यंजनाचा पाय मोडलेला धरतं आणि त्यात अ मिळवतं. संगणक प्रत्येक व्यंजनात अ धरूनच चालतो आणि तो नको असेल तिथे पाय मोडल्याची खूण ठेवतो. दोन्ही फोडी आपापल्या जागी पूर्ण आहेत. नववीतल्या मुलाला त्या शेजारी शेजारी मांडून दाखवल्या तर वर्णविचाराचा धडाही उजळून निघतो, हे मी मराठीच्या बाईंना वर्गात बोलावून करून पाहिलं आहे. त्या दिवशी तास संगणकाचा होता की मराठीचा हे सांगता येणार नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

मग उलटे शब्द. मूल उलटं केलं की लूम होतं, कारण उकार मधेच राहतो आणि आता तो ल ला लागतो. गडचिरोली उलटं केलं तर सुरुवातीलाच बिनअक्षराची वेलांटी येते, पुन्हा ते ठिपक्यांचं वर्तुळ. उलटसुलट सारखे वाचले जाणारे शब्द शोधा म्हटलं की मुलं नयन, सरस, कडक, कनक आणतात आणि प्रोग्राम सगळ्यांना होकार देतो. मग कुणी काका आणतं. काका उलटा वाचला तरी काकाच, पण प्रोग्राम नाही म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने उलटा शब्द कान्यापासून सुरू होतो. नवीन या शब्दालाही तो नाही म्हणतो. आणि लाल या शब्दाला हो म्हणतो. ल, काना, ल; चिन्हं दोन्हीकडून सारखीच. तोंडाने उलटं वाचलं तर लला होतं. एकाच प्रोग्रामने खऱ्याला खोटं आणि खोट्याला खरं म्हटलं, आणि प्रोग्रामात चूक तर एकही नाही. मुलांना इथे थांबू देतो. चूक प्रोग्रामात नाही, मग कुठे आहे? आपण त्याला 'अक्षर' विचारत होतो आणि तो 'चिन्ह' तपासत होता.

मग साहजिकच पुढचं काम ठरतं: अक्षरं मोजणारा स्वतःचा प्रोग्राम लिहा. यात मी महिनाभर तरी घाई करत नाही. पहिली युक्ती बहुतेकांना सुचते: फक्त व्यंजनं आणि सुटे स्वर मोजा, काना-मात्रा सोडून द्या. मूल दोन येतं, सावली तीन येतं, वर्ग खूश. मग चंद्रपूर पाच येतं. जोडाक्षर एकच धरायचं तर पाय मोडल्याच्या जितक्या खुणा तितके वजा करा. चंद्रपूर चार, महाराष्ट्र चार, पोंभुर्णा तीन. हा नियम पक्का झाला असं वाटत असताना एका मुलीने अर्थात् हा शब्द जुन्या पद्धतीने, शेवटच्या त चा पाय मोडून लिहिला आणि उत्तर दोन आलं. शब्दाच्या शेवटी पाय मोडला असेल तर पुढे जोडायला अक्षरच नाही, तिथे वजा करायचं नाही. एक अट वाढली. ही अट कुठल्याही पुस्तकात वाचून कळली असती, पण तिने ती एका शब्दासाठी शोधली आणि ती तिची झाली. युनिकोडच्या तज्ज्ञांनीही देवनागरी जोडाक्षर एकसंध मोजण्याचा नियम आपल्या प्रमाणात २०२३ साली घातला. त्याआधीच्या नियमाने द्र चे दोन भाग पडत. मूलच्या वर्गातली मुलं ज्या प्रश्नाशी झटत होती तो प्रश्न जगातल्या जाणत्या लोकांनाही नुकताच सुटला आहे, हे मी त्यांना आवर्जून सांगतो.

आता माझा सर्वांत आवडता सराव. बातमीत आपल्या गावाचं नाव किती वेळा आलं ते मोजा. वाक्य मी तयार केलेलं: "मूल तालुक्यातील मूलभूत सुविधांचे मूल्यमापन मूलमध्ये होणार." माणसाला विचारलं तर गावाचं नाव दोनदा आलं. 'काउंट' वापरलं तर संगणक चार सांगतो, कारण मूलभूत आणि मूल्यमापन यांच्या पोटातही तीच तीन चिन्हं आहेत. काही मुलं मग 'स्प्लिट'ने वाक्याचे शब्द सुटे करतात आणि प्रत्येक शब्द मूलशी जुळतो का बघतात. आता उत्तर एक. मूलमध्ये हा शब्द सुटला, कारण मराठीत मध्ये, ला, हून, चा हे सगळं नावाला चिकटून येतं. इंग्रजी वाक्यावर हा सराव घेतला तर ही अडचण येतच नाही, म्हणून पुस्तकात ती भेटत नाही.

एकाने सुचवलं, मूल नंतर पाय मोडल्याची खूण असेल तर ते मूल्य आहे, सोडा. चाराचे तीन झाले. मूलभूत तरीही उरलं. मग प्रत्ययांची यादी करायची ठरली: मूल नंतर काहीच नसेल किंवा यादीतला प्रत्यय असेल तरच मोजायचं. दोन आले. यादीत कुणी त घातला तर मूलतः हा शब्द आत शिरतो, म्हणून तो काढावा लागला. मग शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "आणि मूल रडत होतं असं आलं तं?" लेकरू या अर्थाचं मूल. तेव्हा एका मुलीने जे पाहिलं ते माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं. लेकराला प्रत्यय लागला की मुलाला, मुलाचं, मुलाने होतं. गावाला प्रत्यय लागला की मूलला, मूलचं, मूलहून. गावाचा उकार दुसराच राहतो. म्हणजे प्रत्यय लागलेलं मूल नक्की आपलं गाव, आणि घोळ फक्त प्रत्यय नसलेल्या मूलचा. तिथे काय करायचं? बराच वेळ वहीवर खाडाखोड झाली. शेवटी एक जण म्हणाला, "मंग वाक्य वाचावं लागते जी." मी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. स्ट्रिंग कुठवर नेते आणि कुठे थांबते हे त्या मुलाने पाच शब्दांत सांगितलं होतं. असाच अनुभव नांदेड शोधताना येतो. मराठवाड्यातला जिल्हा नांदेड, आणि आमच्याच जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड, जिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे धानाचं वाण शोधलं. चिन्हं तीच, गावं दोन.

सराव म्हणून जिल्ह्याच्या तालुक्यांची यादी फार उपयोगी पडते. चंद्रपूरचे पंधरा, गडचिरोलीचे बारा. 'पूर'ने संपणारे तालुके काढा. 'मूल'ने सुरू होणारे काढा म्हटलं की मुलचेरा येत नाही, कारण त्याचा उकार पहिला. पाट्यांवर आमचं गावही कुठे मूल तर कुठे मुल असं लिहिलेलं दिसतं. ब्रह्मपुरी हे नाव कुणी म आधी आणि ह नंतर लिहितं, कुणी उलट. लांबी दोन्हीकडे दहाच, पण बरोबरीची तपासणी नाही म्हणते. गाड्यांच्या नंबरांवर तुकडे कापण्याचा सराव होतो. एमएच नंतरचे दोन आकडे ३४ असतील तर चंद्रपूर, ३३ असतील तर गडचिरोली. हा प्रोग्राम दहा ओळींचा आहे आणि मुलांना तो फार आवडतो. आकडे देवनागरीत लिहिले तरी पायथन '३४' या मजकुराची संख्या करून देतो. बारावीतली मुलं तेच जावास्क्रिप्टमध्ये करतात तेव्हा ते 'ही संख्या नाही' असं उत्तर देतं. पीएचपीतलं 'स्ट्रलेन' तर मूलची लांबी नऊ सांगतं, कारण ते चिन्हं न मोजता साठवणीचे बाइट मोजतं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. शब्द एक, भाषा बदलली की लांबी बदलली.

नवशिक्यांचा एक घोटाळा सगळीकडे सारखा असतो, तो इथेही होतो. 'रिप्लेस' वापरून ण च्या जागी न घातला, पण शब्द छापला तर तसाच. स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही. नवी तयार होते आणि ती कुठेतरी ठेवावी लागते. ण चा न करणारा हा प्रोग्राम मुलांनीच मागितला होता. आमच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि झाडीपट्टीत पाणी हे पानी असतं. पुस्तकातलं वाक्य घरच्या बोलीत करून बघायची त्यांना हौस होती, आणि त्या निमित्ताने आपल्या बोलीला नियम आहेत हे त्यांनी स्वतः पाहिलं. बोलीची लाज बाळगणाऱ्या मुलाला हे कळणं मला प्रोग्रामिंगइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हा सगळा खेळ नाही. आमच्या मुलांचं नाव जन्मापासून कुठल्या ना कुठल्या यादीत स्ट्रिंग म्हणून बसलेलं असतं. दाखलखारिज रजिस्टर, आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. मडावी हे आडनाव रोमन लिपीत एकाने व्हीने लिहिलं, दुसऱ्याने डब्ल्यूने. संगणकाला ती दोन माणसं. शाळेत आडनाव आधी, आधारवर नाव आधी. संगणकाला ती दोन माणसं. नावापुढे एक मोकळी जागा जास्त पडली तरी दोन माणसं. एका ऑनलाइन अर्जात आमच्या एका विद्यार्थिनीचं नाव असंच जुळलं नाही आणि तिच्या वडिलांची मजुरी बुडवून चकरा झाल्या. वर्गात आम्ही तोच प्रसंग नावं बदलून सोडवायला घेतला. पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा 'स्ट्रिप'ने काढा, नावाचे तुकडे करा, तुकडे क्रमाने लावून मग तुलना करा. रोमन असेल तर सगळी अक्षरं लहान करा. एवढ्याने निम्म्याहून अधिक गोंधळ मिटतात. व्ही आणि डब्ल्यू सारखे धरावेत का, यावर वर्गात मोठा वाद झाला. धरले तर खरोखर वेगळी दोन माणसं एक ठरू शकतात. तो निर्णय यंत्राने परस्पर घेऊ नये, माणसाला दाखवावा, असं मुलांनी ठरवलं. मला ते पटतं.

आणखी एक गोष्ट मुलांना मी मुद्दाम दाखवतो. नावात फक्त अक्षरंच आहेत ना हे तपासायला पायथनमध्ये 'इजअल्फा' आहे. वन या शब्दाला ते हो म्हणतं, मूलला नाही, कारण उकार हे त्याच्या हिशेबात अक्षर नव्हे, खूण आहे. ज्याने फक्त इंग्रजी नावांवर चाचणी घेतली त्याचा अर्ज महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी मराठी नावं नाकारेल, आणि पडद्यावर येईल 'कृपया योग्य नाव भरा'. हे वाचून आमच्याकडची माणसं आपलंच काही चुकलं असं समजून मागे फिरतात. नाव योग्यच होतं. आपल्या मुलांपैकी कुणी उद्या असे अर्ज बनवायला बसेल तेव्हा हे तिच्या लक्षात असावं, एवढ्यासाठी हा तास मी दरवर्षी घेतो.

डोळ्यांना सारखं दिसणारं नेहमी सारखं नसतं, हेही याच ओघात येतं. ॲप हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ॲ हे एकच चिन्ह वापरलं तर लांबी दोन, अ लिहून त्यावर चंद्र दिला तर तीन. वऱ्हाड या शब्दातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात सहा चिन्हं, दुसऱ्यात सात, आणि ते सातवं चिन्ह न दिसणारं आहे. 'स्ट्रिप' त्याला हात लावत नाही, कारण ते शब्दाच्या मधे आहे, शिवाय ती मोकळी जागाही नव्हे. दोन मुलांनी आपापल्या यंत्रावर टाइप केलेले शब्द जुळले नाहीत तर आधी प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापून बघायचा, ही शिस्त त्यातून लागते.

गावातल्या एका छापखान्यात जुन्या फॉन्टमधल्या फायली पडून आहेत. लग्नपत्रिका, स्मरणिका, नाटकांची पत्रकं. झाडीपट्टीत नाटकं भरपूर, पत्रकंही भरपूर. तो मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. अकरावीच्या काही मुलांनी त्यासाठी रूपांतराचा प्रोग्राम करायला घेतला. या चिन्हाच्या जागी हे अक्षर, अशी यादी बनवली आणि एकामागून एक 'रिप्लेस' चालवलं. तेव्हा कळलं की क्रम महत्त्वाचा आहे. दोन चिन्हांनी मिळून बनणारं अक्षर आधी बदलायला हवं, नाहीतर त्यातलं एक चिन्ह सुटं बदलून जातं आणि जोडी मोडते. मग पहिल्या वेलांटीने अडवलं. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने ठेवलेला असतो, म्हणजे चिमूरमध्ये वेलांटी आधी, च नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: च आधी, वेलांटी नंतर. वेलांटी एक घर पुढे सरकवली, चिमूर दुरुस्त झालं. स्थिती मात्र मोडली, कारण वेलांटी स आणि थ यांच्या मधे जाऊन बसली. वर्तमानपत्रांच्या जुन्या ऑनलाइन मजकुरात असे मोडलेले शब्द आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते कसे मोडतात हे या मुलांनी स्वतःच्या हाताने पाहिलं. वेलांटीला पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यायला हवं. रफाराचं उलटं, तो मागे न्यायचा, आणि वाटेत काना किंवा मात्रा असेल तर तीही ओलांडून. पोंभुर्णा बरोबर यायला लागल्यावरच मुलांनी प्रोग्राम पुरा झाला असं मानलं. छापखान्याचे काका रूपांतर झालेली पत्रकं वाचून चुकांवर खुणा करून देत होते. त्यांच्याइतका काटेकोर परीक्षक मला कुठे मिळाला नसता.

गोंड कुटुंबातल्या एका मुलाने विचारलं होतं, आमच्या लिपीलाही असे क्रमांक आहेत का. आहेत. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, गुंजाला गोंडी २०१८ साली. मसराम गोंडीचं एक अक्षर पायथन एक मोजतो, जावास्क्रिप्ट दोन मोजतं, कारण ती लिपी युनिकोडच्या नंतर वाढवलेल्या भागात आहे. त्याला हे मोजून दाखवताना फॉन्ट शोधायला वेळ लागला, पण अक्षर पडद्यावर उमटलं. त्यानंतर त्याने आपल्या आजोबांकडून शब्द लिहून आणायला सुरुवात केली, आणि त्या शब्दांची यादी हाच त्याचा वर्षाचा प्रकल्प झाला.

या सरावाला वेगळं काही लागत नाही. पायथन फुकट मिळतं. २००८ साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक स्ट्रिंग युनिकोडच आहे, चलांची नावंही देवनागरीत देता येतात. गाव, नाव, ओळ अशी नावं दिली की नवशिक्या मुलाला प्रोग्राम वाचता येतो. फंक्शनं इंग्रजीच राहतात आणि ती राहू द्यावीत, मुलांना पुढे त्यांच्याशीच काम पडणार आहे. इंग्रजी टाळा असं माझं म्हणणं नाही. इंग्रजीत थांबू नका, एवढंच आहे.

संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती करतो. पुढच्या स्ट्रिंगच्या तासाला पुस्तकातला शब्द बाजूला ठेवा आणि मुलांना आपापल्या गावाचं नाव टाइप करायला सांगा. लांबी किती येईल ते आधी वहीत लिहायला लावा. उत्तर चुकलं की लगेच कारण सांगू नका. लूप लावून एकेक चिन्ह छापू द्या. अकोल्याला, कुडाळला, बेळगावला शब्द वेगळे निघतील आणि प्रश्नही. ते फळ्यावर लिहा, आणि तुमच्या मुलांनी शोधलेले नियम आम्हाला मूलला कळवा.